सुपलीची बारा पाकिटं

सावेडीच्या माळावर आप्पासाहेबांनी अकरा एकरांत झाडं लावली, तेव्हा नगरच्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की ह्यातलं खायचं काय? आंबा नाही, पेरू नाही, विकायला झेंडूसुद्धा नाही. नुसती झाडं. एकेका जातीची दोन नाहीतर तीन, प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर नंबर. आप्पासाहेब मुन्सफीतून पेन्शनीत निघालेले, तरुणपणी विलायतेत असली बाग पाहून आलेले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला नाद लागलाय. म्हणायला लोकांचं काय जातं.

ही हकीकत आप्पासाहेबांची नव्हे. त्यांच्या बागेचा कारभार ज्यानं तेवीस वर्षं पाहिला त्या नृसिंहपंत निसळांची. पंत म्हटलं म्हणून कुणी बडं प्रस्थ डोळ्यांपुढं आणू नका. मॅट्रिक झालेला, आप्पासाहेबांच्याच कोर्टातला कारकून. अंगानं काटकुळा, बोलायला तुसडा, लग्नकार्यात गेला तर भिंत धरून बसणार आणि जेवण झालं की कुणाला न सांगता निघणार. पण अक्षर पाहावं तर छापील, आणि इंग्रजी पत्राची भाषा तोंडपाठ. आप्पासाहेबांना झाडं कळणारा माणूस नकोच होता, झाडं खाजाभाई माळ्याला कळत होती. त्यांना पत्र लिहिणारा माणूस हवा होता.

कारण असली बाग खड्डे खणून वाढत नाही, टपालानं वाढते. हे कुणाला सांगून पटायचं नाही, पण तसं आहे खरं. रीत अशी, की जगात जिथं जिथं अशा बागा आहेत त्या दरसाल आपल्याकडच्या बियांची यादी काढतात आणि एकमेकींना धाडतात. हवं त्यावर खूण करून यादी परत पाठवली की पुडी येते. पैशाची बात नाही. आमचं तुम्ही घ्या, तुमचं आम्ही घेऊ, एवढाच काय तो व्यवहार. मधूनच एखादा परगावचा बागवाला ओळखीचं पत्र घेऊन स्वतः येतो, वही काढून बागभर हिंडतो, आणि तो गेल्यावर दोन्हीकडच्या याद्या चार ओळींनी वाढलेल्या असतात. मात्र बी कुठल्या डोंगरावरचं, कुणी वेचलं, कधी वेचलं, हे लिहिलेलं नसलं तर ते बी कितीही चांगलं असो, कुणी हातात धरत नाही.

पंतांचं बिऱ्हाड बागेतच, दोन खोल्यांत. मूलबाळ झालं नाही. बायको प्रेमला चार इयत्ता शिकलेली, आणि बागेचं निम्मं टपाल तिच्या हातून जायचं. बियांच्या पुड्या बांधून खाकी कागदाची पाकिटं तिनं करायची, चिंचोक्याची खळ तिनं शिजवायची, बाहेरची कापडी पिशवी तिनं शिवायची. पंतांनी पत्र आणि नंबर लिहायचा. आलेलं पत्र मात्र पंत चुलीपाशी उभं राहून तिला मराठीत वाचून दाखवत, कधीही न चुकता. ती ऐकायची आणि त्या लांबच्या माणसांवर घरच्यासारखी शेरेबाजी करायची.

"सिलोनच्या साहेबांना खोकला झालाय म्हणता, मग तुळशीचा काढा कळवा की त्यांना."

"असल्या पत्रात काढा लिहितात होय?"

"का? खोकला लिहितात तर काढा का नाही?"

 ह्यावर पंत चिडायचे. दोघांचा संसार असा जगभरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या खोकल्यापडशावर चाललेला होता, आणि बरा चालला होता.

अडतीस साली पंत राजूरच्या बाजाराला गेले होते. डोंगरातल्या बाया हिरडा घेऊन येत, त्यातली एक राहीबाई. तिच्या पाटीच्या तळाशी पंतांना एक वाळकी शेंग दिसली, चपटी, एका बाजूला रुंद, पोरींच्या खेळातल्या सुपलीसारखी. हे कशाचं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "सुपलीचं. आमच्या घळीत हाय एक झाड." पंतांनी बागेतली सगळी पुस्तकं पालथी घातली, तसलं झाड कुठं सापडेना. शेंग टेबलावर राहिली. त्याच हिवाळ्यात सिलोनचा तो खोकलेवाला साहेब बाग पाहायला आला, त्यानं शेंग उचलली, उलटीसुलटी केली आणि जाऊन चार ठिकाणी कळवलं. वर्षाच्या आत पंतांकडं बारा बागांची पत्रं आली. सुपलीचं बी मिळेल काय?

बारा बागा. सावेडीच्या माळावरच्या, नगरच्या लोकांनी वेड्यात काढलेल्या बागेला बारा बागांनी पत्रं लिहिली. पंतांचे पाय जमिनीला लागेनात.

एकोणचाळीसच्या चैत्रात ते बी आणायला निघाले तेव्हा प्रेमला म्हणाली, मीही येते. सगळ्या संसारात दोघांनी मिळून केलेला तेवढा एकच प्रवास. मोटारीनं राजूर, पुढं राहीबाईच्या मागं चालत. घळीत ते झाड उभं होतं, एकटंच, खडकात पाय रोवून. राहीबाईचा मुलगा वर चढला. शेंगा फार नव्हत्या. खाली प्रेमला पदर पसरून उभी राहिली आणि शेंगा तिनं पदरात झेलल्या.

राहीबाई म्हणाली, "आवंदा धरलंय बगा. माज्या लग्नाच्या साली धरलं हुतं, मंग आता. पुना कवा धरल त्ये न्हाई सांगता यायचं."

पंतांनी हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, पण ऐकलं नाही.

घरी येऊन शेंगा फोडल्या, कीड लागलेल्या बिया बाजूला काढल्या. चांगल्या निघाल्या छत्तीस. बारा बागा, प्रत्येकी तीन. हिशेब इतका चोख बसला की पंत खूश झाले.

"चार तरी आपल्याला ठेवा," प्रेमला म्हणाली.

बागेचा शिरस्ताही तोच होता. नवीन बी आलं की आधी घरच्या वाफ्यात, मग बाहेर. पण पंतांचं म्हणणं, तिनाच्या जागी दोन पाठवल्या तर काय शोभा राहील? झाड तर आपल्याच जिल्ह्यात आहे, पुढल्या वर्षी जाऊन पुन्हा आणू.

"पाहुण्याला वाढायला घ्यायचं आणि निम्मं परातीत झाकून ठेवायचं, असं करतात का?" ते म्हणाले.

"आणि पाहुण्याला वाढताना घरच्याला उपाशी ठेवतात का?"

"तुला ह्यातलं कळत नाही."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.  दुपारी पंत बारा पत्रं लिहीत बसले आणि ती आतल्या खोलीत पाकिटं करत बसली. मध्ये एकदा येऊन म्हणाली, दौत देता का जरा? भावाला पत्र लिहीत असेल म्हणून पंतांनी मान वर न करता दौत सरकवली. संध्याकाळपर्यंत बारा पिशव्या शिवून तयार होत्या, आणि तिच्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लागलेली होती.

टपाल जूनमध्ये गेलं. चार बागांची पोच आली, ती पंतांनी चुलीपाशी वाचून दाखवली. मग लढाई लागली. याद्या यायच्या बंद झाल्या. पुढल्या चैत्रात राजूरला जायचं होतं, पण पंतांच्या पायाला नारू झाला आणि जाणं राहिलं. त्याच श्रावणात प्रेमलाला विषमज्वर झाला. एकवीस दिवस अंथरुणावर होती. बाविसाव्या दिवशी गेली.

तिच्यामागं पंतांचं काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. दोन वेळचं एकदाच रांधायचे आणि पातेल्यातच खायचे. खाजाभाई दिवसभर मोट हाकायचा, रोपांना पाणी द्यायचा, दिवस कलला की घरी, बायको मुबारकबीच्या हातचं खायला जायचा. कधी पंतांसाठी डब्यात काही आणायचा, पंत ते बाहेर ओट्यावर बसून खायचे. मग आप्पासाहेब गेले. बाग ट्रस्टकडं गेली; त्या मंडळींना बागेत रस नव्हता, पण बंद करायचीही कुणी हिंमत केली नाही. पंत रोज टेबलाशी बसायचे. कुणाचं पत्र नाही, कुणाला पत्र नाही. आणि एखाद्या वेळी सरकारी काही आलंच, तर उघडून उठायचे, आतल्या दाराशी जायचे आणि तिथून परत फिरायचे. माणूस एकटा पडतो म्हणजे काय, तर वाचून दाखवायला कुणी उरत नाही, असं त्यांनी एकदा खाजाभाईला सांगितलं. खाजाभाईला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "मला दाखवा वाचून." पंतांनी नको म्हटलं.

राजूरला जायचं ते टाळत राहिले. ती पायवाट एकट्यानं चढायची त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी चव्वेचाळीसच्या फाल्गुनात गेले. पेट्रोल मिळेनासं झालेलं, मोटारीच्या मागं मोठी टाकी बसवलेली, तीत कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालवायची. चढ आला की लोक उतरायचे आणि ढकलायचे. राजूरला पोचेपर्यंत पंत काळे झाले होते.

राहीबाई घरीच होती. त्यांना बघून तिनं आधी मागं पाहिलं.

"बाई न्हाई आल्या?"

"गेली ती. चार वर्षं झाली."

राहीबाई खाली बसली. मग उठून तिनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "झाड न्हाई आता. कोळशावाल्यांनी घळ साफ केली, मोटारीसाटी कोळसा लागतो म्हून. त्यातच गेलं त्ये."

पंत तरीही वर गेले. खोड कमरेएवढं उरलेलं, त्याला एक फुटवा नाही. बाजूला भट्टीचा काळा खड्डा. पंतांनी गुडघे टेकून बुंध्याभोवतीची माती हातानं चाळली, पालापाचोळा उलथला. काही मिळालं नाही. संपूर्ण डोंगरात तसलं दुसरं झाड नव्हतं, आणि त्याचं एक बी त्यांनी घरी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नव्हती. वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पुन्हा कधी धरेल सांगता येत नाही.

निघताना राहीबाई म्हणाली, "बाईंनी मला इचारलं हुतं, ह्ये बी किती दिस टिकतं. म्या सांगितलं, लई वर्सं. दगडावानी हाय."

परतीच्या मोटारीत क्लीनर टाकीत कोळसा घालत होता. पंत त्या कोळशाकडं पाहत राहिले. कुणास ठाऊक कुठल्या घळीतला होता. पुढल्या नाक्याला ते उतरले आणि अकोले गावापर्यंत चालत गेले.

पण राहीबाईचं ते वाक्य त्यांनी धरून ठेवलं. लढाई संपली, समुद्रावरचं टपाल सुरू झालं, तसं पंतांनी बारा बागांना बारा पत्रं लिहिली. आपण एकोणचाळीस साली आमच्याकडून घेतलेल्या नंबर दोनशे चौदाचं, म्हणजे सुपलीचं, काय झालं? रोप असल्यास, बी असल्यास, कळवावं. मूळ झाड आता नाही. 

उत्तरं येत गेली. सिलोनच्या साहेबाच्या जागी दुसरा आला होता, त्यानं लिहिलं की उगवलेली दोन्ही रोपं साळिंदरानं खाल्ली. विलायतेत एका ठिकाणी काचघरावर बॉम्ब पडला होता. कुणाकडं तिन्ही बिया पेरून कुजल्या, कुणाकडं त्या सालचे कागदच राहिले नव्हते, जावाच्या बागेकडचं पत्र 'पत्ता लागत नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. सभ्य माणसं सगळी. प्रत्येकानं दिलगिरी लिहिली. पंत एकेक नाव खोडत गेले. सेहेचाळीस साल सरेपर्यंत अकरा खोडली. उरली होती हॉलंडमधली एका लहान गावातली बाग, आणि तिकडून पोचसुद्धा आली नव्हती. खाजाभाई म्हणाला, "पंत, सोडून द्या आता." पंत त्याच्यावर खेकसले. दुसऱ्या दिवशी त्याला चहा करून दिला.

सत्तेचाळीसच्या मार्चात पोस्टमन एक जाड लिफाफा देऊन गेला. वर परदेशी तिकीट. पंतांनी तो टेबलावर ठेवला, हात धुऊन आले, मग उघडला. आत एक पत्र, आणि एक खाकी पाकीट. पाकिटावर त्यांच्या हातचा दोनशे चौदा.

पत्र इंग्रजीत होतं, अडखळत लिहिलेलं. मजकूर असा:

"महाशय, आपण पाठवलेलं पाकीट परत करीत आहोत, क्षमा असावी. चाळीसच्या वसंतात पेरणीसाठी ते काढलं, तेव्हा आतल्या पुडीवर आपल्या लिपीत एक ओळ लिहिलेली आढळली. ती पेरणीविषयीची सूचना असणार. सूचना समजल्याशिवाय पेरायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून अर्थ विचारणारं पत्र आम्ही एप्रिलात टाकलं. मे महिन्यात आमचा देश शत्रूनं घेतला आणि पत्र परत आलं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात जळण नव्हतं, तेव्हा बागेतली झाडं आम्हीच तोडून जाळली. बियांचा डबा मी घरी नेऊन उशाशी ठेवला होता. तिन्ही बिया शाबूत आहेत. मूळ झाड नाही हे आपल्या पत्रावरून समजलं, तेव्हा त्या आपल्याकडेच असाव्यात. फक्त सूचना काय होती, ते कृपा करून कळवावं. सात वर्षं मनात राहिलं आहे."

सूचना? पंतांनी कसलीच सूचना लिहिली नव्हती. त्यांनी पाकिटातून आतली पुडी काढली.

प्रेमलाचं अक्षर. आधी पट्टीनं मारल्यासारखी आडवी लांब रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर दोरीवरच्या धुण्यासारखं टांगायचं, ही तिची पद्धत. रेघेखाली लिहिलं होतं:

"एक बी आमच्यासाठी ठेवावं. आम्ही परत मागू."

 ती दौत, ते शाई लागलेलं बोट. बाराही पुड्यांवर लिहिलं असणार तिनं. नवरा ऐकत नाही म्हटल्यावर तिनं परस्पर जगातल्या बारा बागांना सांगून ठेवलं होतं, आणि तेही मराठीत. अकरा जणांनी ती ओळ नक्षी समजून सोडून दिली. बाराव्याला ती वाचता आली नाही, पण त्यानं ती पाळली.

ते उठले आणि आतल्या दाराशी गेले. ह्या वेळी परत फिरले नाहीत. थंड चुलीपाशी उभं राहून त्यांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत वाचून दाखवलं, आणि मग म्हणाले, "अगं, त्यांना मराठी येतं का?"

आणि मग रडले. सात वर्षांत पहिल्यांदा, पदरासारखं उपरणं तोंडाला लावून, खाजाभाईला बाहेर ऐकू जाईल इतके रडले. खाजाभाई आला नाही. तेवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी बियांची पाठ दगडावर हलकी घासली, कोमट पाण्यात दिवसभर भिजत घातल्या. कुंडीत चाळलेली माती, वाळू, शेणखत. खाजाभाईनं मातीत बोटानं तीन भोकं केली, पंतांनी दोनच बिया ठेवल्या.

"तिसरी?"

"एक ठेवायची आहे."

"पेरून टाका की पंत. आता अजून कशाला?"

"बाईंनी सांगितलंय."

खाजाभाईनं तिसरं भोक मातीनं बुजवलं.

सव्वीस दिवस पंतांनी त्या कुंडीवर दुसऱ्या कुणाला पाणी घालू दिलं नाही. एक बी कुजलं. दुसऱ्याची माती सव्विसाव्या दिवशी सकाळी तडकली, आणि आठवड्यानं दोन खरी पानं उघडली. दोन पानं आली की मगच रोपाची नोंद करायची, हा बागेचा शिरस्ता. ह्या वेळी पंतांनी तो पाळला.

त्या दुपारी त्यांनी आधी हॉलंडला उत्तर लिहिलं. तेवीस वर्षं इंग्रजी लिहिणारा माणूस, त्या दोन वाक्यांच्या भाषांतराला तीन कागद फाडले. शेवटी साधंच लिहिलं आणि खाली जोडलं: सूचना माझ्या पत्नीची होती. आपण ती पाळलीत. तिच्या वतीनं पोच देत आहे. रोप मोठं झालं, शेंग धरली, की पहिलं बी आपल्याला येईल. थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली: तिकडं थंडी फार असते असं ऐकतो, खोकला झाल्यास तुळशीचा काढा घ्यावा.

मग नोंदवही उघडली. नंबर, तारीख, मूळ ठिकाण राजूरची घळ, वेचणारी राहीबाई. पुढचा रकाना 'कोणाकडून आलं' असा. तिथं आजवर त्यांनी नेहमी बागेचं नाव लिहिलं होतं. पंतांनी टाक दौतीत बुडवला आणि आधी एक आडवी लांब रेघ ओढली. तिच्याखाली लिहिलं, 'सौ. प्रेमला नृसिंह निसळ, सावेडी'. सौ.च्या आधी कै. लिहायला हवं होतं. जन्मभर कागदपत्रांत एक टिंब न चुकवलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही.

राहिला शेऱ्याचा रकाना. तिथं त्यांनी लिहिलं, 'एक बी राखून ठेवलं आहे', आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.